लाल रेघेच्या पुढं ओढलेली काठी

सरस्वतीबाई उत्तरेश्वर तांदळे, वय अंदाजे साठ, धंदा पूर्वी ऊसतोड, आता शेळ्या व घरकाम, राहणार खडकवाडी, नांदूरघाटजवळ, ता. केज, जि. बीड.

मी आज ठाण्यात माझ्या पायानं येऊन, कुणाच्या दाबाखाली न येता सांगते की, माझा मुलगा युवराज यानं आमचे बांधशेजारी आप्पाराव यांच्याविरुद्ध काल दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. आप्पारावनं माझ्या मालकांना लोखंडी काठीनं मारून पाडलं, त्यात काठीचे दोन तुकडे झाले, असं त्यात हाय. ते खोटं हाय. आप्पाराव हे मालकांचे सख्खे धाकटे भाऊ. बांधावरून आमची बोलचाल सात-आठ वर्षं बंद हाय. पण म्हणून जे झालंच न्हाई ते झालं, असं मी सांगणार न्हाई.

मालकांचे अन् माझे गुडघे ऊसतोडीत गेले. लेक शिवकन्या पुण्यात नोकरीला हाय. दिवाळीला तिनं डोंगर चढायच्या, नळीत नळी सरकवून लांब-आखूड होणाऱ्या काठ्यांची जोडी आणली. दुकानात पाच-सहा जोड्या हातात धरून बघितल्या म्हणे. पिळून घट्ट करायची काठी तिच्या आबांच्या बोटांना झेपायची न्हाई, म्हणून खटक्याची निवडली. अंगणात तिनं शिकवलं. कोपर काटकोनात राहील एवढी उंची ठेवायची. चढताना जरा आखूड, उतरताना लांब. पट्ट्यात हात खालून घालायचा. "आबा, ही लाल रेघ दिसली की थांबायचं. हिच्या पुढं नळी ओढली तर खटका धरत न्हाई," असं ती दोनदा म्हणाली.

दोन्ही काठ्या एकाच माणसाच्या, दोन हातांत दोन, असंबी ती म्हणाली. ते काय मालकांनी ऐकलं न्हाई. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मालक लेकीला म्हणाले, "जलमभर तुझी आई अन् मी एक कोयता. आता दोन्ही काठ्या मीच घिऊन हिंडू, अन् ती काय भिंत धरून चालंल व्हय?" मला लई बरं वाटलं. तवापासून एक त्यांची, एक माझी.

मंगळवारी सकाळी आमी दोघं डोंगरावरच्या देवीला गेलतो. गुडघे गेल्यापासून वर जाणं झालं नव्हतं. काठ्या देवळाच्या पायरीला टेकवून गूळ-खोबरं खाल्लं. उतरताना मालकांनी चुकून माझी काठी उचलली. मी बुटकी, ते ताडमाड. आखूड पडती म्हणून त्यांनी खटका उघडून नळी ओढली. मी म्हणाले, "अवो, रेघ बघा." ते म्हणाले, "बघितली, बघितली. चल गुमान." आप्पारावच्या शेताच्या वरच्या घळीच्या काठावर त्यांनी काठीवर भार दिला, तशी खालची नळी निसटली अन् मालक घळीत पडले. आप्पाराव तवा खाली शेतात होता.

मी बोंब मारली. आप्पाराव बैल तसेच सोडून पळत आला. "दादा, पाय हलवू नगंस," म्हणाला. धड काठी आखूड करून त्यानं ती माझ्या पदराच्या चिंध्यांनी मालकांच्या मांडीला बांधली. दुसरीचे तुकडे गोळा करून उभा राहिला, तेवढ्यात माझी बोंब ऐकून युवराज आला. पोरानं तेवढंच बघितलं. मी ओरडून सांगत होते, पण त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आप्पारावनं शेतातली बाज आणली. तिच्यावर घालून मालकांना रस्त्यापर्यंत नेलं. युवराज सगळ्या वाटेनं चुलत्याला शिव्या देत होता अन् बाजेचं दुसरं टोक धरून चालत होता.

जप्त केलेले दोन तुकडे मला इथं दाखवले. मी ते साहेबांच्या टेबलावर एकमेकांत बसवून दाखवले. काठी मोडलेली न्हाई, निसटलेली हाय. युवराज माझ्या पोटचा हाय, बापासाठी त्याचा जीव तुटतो हे मला कळतं. पण मारताना त्यानं बघितलं न्हाई, अन् पडताना मी बघितलं. मालक ऑपरेशन होऊन अजून गुंगीत हायेत. शुद्धीवर आले की हेच सांगतील.

आप्पाराव कालपासून ठाण्यात बसून हाय. मी आत येताना त्यानं एवढंच विचारलं, "वैनी, दादा बोलला का?" इतक्या वर्षांत त्यानं मला वैनी म्हटलं नव्हतं. माझी त्याच्याविरुद्ध काहीएक तक्रार न्हाई. त्याला सोडा.

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिवलाय. एकच दुरुस्ती हाय. वर आप्पारावला 'बांधशेजारी' लिवलंय. मीच तसं सांगितलं होतं. तिथं 'माझे दीर' लिवा, मग अंगठा देते.