फुप्फुसापुरतंच सांगा

— काय म्हणालीस? फुप्फुसापुरतंच सांगू? ओव्हरीचं नाव काढू नको? अगं, मग तोंड वर करून सांग ना — सफरचंदांच्या पिशवीआडून काय पुटपुटतेस! म्हणजे तुझ्या लेकीच्या होणाऱ्या सासरची मंडळी परवा यायची, आणि मोठ्या जावेने आपले अवयव भाजीसारखे निवडून मांडायचे — हा दाखवायचा, हा टोपलीखाली. वा! — नाही, बैस. आलीच आहेस तर ऐकून जा.

पोटातल्या गाठी बघून डॉक्टर आधी ओव्हरीचाच कॅन्सर म्हणाले, खरंय — पण तुकडा तपासला तर मूळ निघालं फुप्फुसात. तिथून खाली उतरलाय. बिऱ्हाड हलवलं म्हणून माणूस बदलतो का? नाही ना? मग! आणि समजा, तुम्ही धास्तावलात तसा ओव्हरीचा, घराण्यात चालणारा असलाच — तर माझ्या माहेरच्या घराण्यात, बाई! मी तुझ्या लेकीची काकू, लग्न करून आलेली. माझं रक्त तिच्यात जाणार कुठून — नळातून? शिकल्यासवरलेल्या बायका तुम्ही, इतके दिवस कुजबुजताय, आणि एकीच्याही डोक्यात हे येऊ नये! आणि ती तुझी बहीण — म्हणे, 'चोरून सिगारेटी ओढत असेल'. मी! जन्म गेला शिवणयंत्रावर, मी ओढले ते दोरे.

आणि लपवणार कोणापासून? तुझ्या होणाऱ्या जावयाला सगळं ठाऊक आहे — का, काय झालं? — हात्तिच्या! बोलू नको म्हणाली होती पोर, गेलं तोंडातून. आता गेलंच आहे तर ऐक. लग्नाच्या ड्रेसचं माप द्यायला आली, तेव्हा तीच घेऊन आली त्याला. याच खुर्चीत बसला. औषधाने माझी बोटं बधिर, सुई ओवता येईना — त्याने ओवून दिली, दोरा ओला करकरून, डोळे बारीक करकरून. मी म्हटलं, बाबा रे, फुप्फुस झालं, ओव्हरी झाली, सगळं ऐकून घे. तर म्हणतो, 'काकू, लग्नाला याल ना?' तुमच्यापैकी विचारलं कोणी हे? आणि मी — मेली मी, लाज सोडून — हात जोडले त्याला. म्हटलं, तारीख जरा अलीकडे घ्या की रे.

...

आता तुला रडायला काय झालं? ऊठ, नीघ. परवा मी येत नाही तुझ्याकडे, काय हवं ते सांग त्यांना. पिशवी ने ती. आणि पोरीला पाठव — बाही लावायची राहिलीय. मला घाई आहे.