चेकबुक नसलेलं खातं

लेक – आणखी एक चेक परत आला, आई. शाळेचाच. दर वेळी बँक दंड लावते. हे बघ.

आई – शाळेचा, म्हणजे तुझ्या फीचा?

लेक – माझ्याच. सातवीची दुसरी सहामाही. माझा मुलगा कॉलेजात जायला लागला आणि बाबा अजून माझी फी भरतायत.

आई – अभ्यासात कच्चीच होतीस तू. वाटत असेल, पोर अजून तिथेच बसली आहे.

लेक – हसू नकोस. पहिला चेक वटला तेव्हा शाळेने देणगी म्हणून पावती पाठवली, वर आभार मानले. जुन्या घरमालकाच्या नावाने भाडं पाठवलं, ते त्याच्या नातवाने मुकाट्याने ठेवून घेतलं. ते घर सोडून तीस वर्षं झाली. खात्यात पैसे नव्हते, ते ओव्हरड्राफ्टमधून गेले. आता ती मर्यादाही संपली. पेन्शन आली रे आली की व्याज आणि दंड कापून घेतात. या महिन्यात तुझ्या डोळ्यांच्या थेंबांनाही उरले नाहीत.

आई – थेंबांवाचून कोणी मरत नाही.

लेक – आंधळं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी नव्या खात्याचा फॉर्म आणलाय, बाबांची सही हवी. आणि ते चेकबुक आज मी काढून घेणार.

आई – मागे हिसकावलंस तेव्हा दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत ते. शेवटी मीच परत दिलं.

लेक – म्हणून तर ही वेळ आली. मग करायचं काय?

आई – तो फॉर्म ठेव इथे आणि आत जा. त्यांनी कोट चढवला की ते बँकेत असतात. मीही बँकेत जाऊन येते.

(लेक आत जाते. बाबा कोट घालून येतात आणि जेवणाच्या टेबलामागे बसतात. आई समोर.)

बाबा – बसा बाई. किती वेळ उभ्या आहात?

आई – आत्ताच आले, साहेब.

बाबा – बोला. भरायचे की काढायचे?

आई – सल्ला हवा होता. आमच्या यजमानांचं खातं बदलायचंय.

बाबा – ते स्वतः नाही आले?

आई – त्यांना हल्ली जमत नाही. विसरतात.

बाबा – आणि चेक लिहीत सुटतात.

आई – तुम्हाला कसं कळलं?

बाबा – चौतीस वर्षं या खिडकीत बसतोय. लबाड माणूस विसरतो तेव्हा द्यायचं विसरतो. सज्जन माणूस दिलेलं विसरतो आणि पुन्हा देतो. तुमचे यजमान सज्जन दिसतात.

आई – आहेत.

बाबा – ओव्हरड्राफ्टची सोय आहे का खात्याला?

आई – मुलीच्या लग्नात घेतली होती.

बाबा – ती आधी बंद करा. किती थकलंय तेवढं एकदा फेडून टाका. मग साधं बचत खातं, किमान शिल्लकेची अट नसलेलं. शून्यावर आलं तरी दंड नाही. असेल तेवढंच निघेल, नसेल तर काही निघणार नाही. नाव दोघांचं घाला, पैसे तुमच्या सहीने निघू देत. आणि चेकबुक घेऊच नका.

आई – तेच अवघड आहे. जन्मभर लोकांना चेकबुकं दिली त्यांनी. स्वतःचं काढून घेतलं तर मनाला लागेल.

बाबा – बँकेत होते?

आई – होते.

बाबा – कुठल्या शाखेत?

आई – तुमच्याच.

बाबा – मग मला ओळखत असतील.

आई – ओळखायचे.

बाबा – तर मग हिसकावू नका, बाई. चारचौघांत तर नकोच. बँकेने परत मागवलंय, एवढंच सांगा. आमच्या माणसाला ते पुरतं. तो कारण विचारत नाही.

आई – बरं, तसंच सांगते. साहेब, बँकेने चेकबुक परत मागवलंय.

बाबा – कुणाचं?

आई – तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, ते.

बाबा – हे होय? घ्या. थांबा, कोरे किती आहेत ते मोजतो. अकरा. प्रत्येकावर रेघ मारून देतो, नाहीतर कुणीतरी गैरफायदा घेतं. पोच द्याल ना?

आई – लिहिते. अकरा कोरे चेक मिळाले. ही माझी सही.

बाबा – अक्षर पाहिल्यासारखं वाटतंय. एक मुलगी यायची आमच्याकडे. दर सोमवारी पाच भरायची आणि शनिवारी तेच पाच काढायची. सगळे हसायचे.

आई – तुम्हीही?

बाबा – मी पितळी टोकन पुसून द्यायचो तिला. बाकीच्यांना न पुसताच.

आई – तिला माहीत होतं ते.

बाबा – तुम्ही ओळखता तिला?

आई – थोडीफार. साहेब, या फॉर्मवर सही राहिली. इथे.

बाबा – ही खातेदाराची जागा. माझी खाली, अधिकाऱ्याची.

आई – आज वर करा.

बाबा – नियमात बसत नाही, बाई.

आई – पाच भरणं आणि पाच काढणं तरी कुठे बसत होतं?

बाबा – ते खरं. द्या पेन. अक्षर हलतंय माझं, चालेल ना? झाली. यजमानांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. बँकेचं काम आहे.

आई – सांगते.

बाबा – तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय.

आई – थेंब संपलेत, म्हणून.

बाबा – मग एवढ्या उन्हात लगेच निघू नका. चहा घेऊन जा. आत आमची ही आहे, तिला सांगतो.

आई – बसा तुम्ही. मी सांगते तिला.