थोरल्या जाऊबाईंचं कपाळ

तुमी हसताल, पण सांगतेच. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं डोकं महिन्यातनं पंधरा-वीस दिवस दुखायचं. मग सोलापूरच्या डॉक्टरनं त्यांच्या कपाळात आन् मानंत बोटॉक्सची इंजेक्शनं दिली. दुखणं लई कमी झालं, पण कपाळबी इस्त्री केल्यागत झालं. आठी म्हणून पडंना.

आता भाकरी करपली की सासूबाई आमा दोघींनाबी धारेवर धरत्यात. मनातनं दोघीबी चिडतो. पण सासूबाई मलाच म्हणत्यात, "थोरलीकडं बघ, कशी शांतपणानं ऐकती! आन् तुझ्या कपाळावर लगीच आठ्या!"

मला न्हाय सहन झालं. सोलापूरची यष्टी धरली आन् त्याच डॉक्टरकडं गेले. म्हणलं, "माझंबी डोकं लई दुखतंय, द्या इंजेक्शन."

डॉक्टर म्हणाले, "आधी महिनाभर वहीत लिहा. डोकं कधी दुखलं आणि त्याआधी काय झालं होतं."

डॉक्टरपुढं खोटं कसं लिहावं? खरं तेच लिहीत गेले.

महिन्यानं त्यांनी वही वाचली आन् चष्मा काढला. "ताई, पानोपानी एकच लिहिलंय, 'सासूबाईंनी जाऊबाईंचं कौतुक केलं.' यावर माझ्याकडं इंजेक्शन नाही."

घरी येऊन जाऊबाईंना नुसतं एवढंच सांगितलं, की डॉक्टर न्हाय म्हणला.

त्या म्हणाल्या, "अगंबाई! लई वाईट वाटलं बघ मला."

खरंच वाटलं का, ते त्यांच्या कपाळाकडं बघून आजवर कळलेलं न्हाय मला!