डब्बा नसलेला कॉम्प्युटर

हसू नका, नवा कॉम्प्युटर घ्यासाठी म्या आठ दिवस डोकं खपवलं. गोंडपिपरीतलं आपलं फॉर्म भराचं दुकान केवढंसं, तुमाले माहीतच हाय. म्हणून ज्याचं सगळं स्क्रीनमंदीच असते, खाली सीपीयूचा डब्बा नसते, तसा घ्याचं ठरवलं. रॅम मागून वाढवता येत नाई, स्क्रीन फुटली तं अख्खा कॉम्प्युटरच गेला, हे सारं विचारून झालं. तरी घेतला.

सकाळी मायनं पूजा केली. जुन्या कॉम्प्युटरच्या खालच्या डब्ब्याले ते कुंकू लावे. याले डब्बाच नाई, तं तिनं स्क्रीनच्या वर, बरोब्बर मधात बोट टेकवलं.

पहिलं गिऱ्हाईक पेन्शनवाली शांताबाई. तिचा फोटो काढला, तं नुसता लाल अंधार! मी भडकलो. चंद्रपूरच्या दुकानदाराले फोन लावला, "कॅमेरा खराब देल्ला तुमी!"

"वर मधात हाय पाहा भाऊ, जरा पुसून घ्या," तो म्हणे.

पुसला. शांताबाई चकाचक दिसली. पण मागून माय कडाडली, "पहिल्याच दिवशी कुंकू पुसलं?"

आठ दिवसांनी दुकानदाराचाच फोन. "भाऊ, मशीनमंदी काई कमी वाटते का?"

"डब्बा."

"डब्बा? कायले?"

"कुंकू लावाले."