भाऊ, तो दिवा कायचा?

नाही, मले एक सांगा, ज्या घरात देवीपुढचा दिवा विझू नये म्हणून मी बाई नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून बसते, त्याच घरच्या गाडीतला दिवा विझावा म्हणून नवऱ्यानं हातोडा उचलावा? हातोडा! नवरात्रात!

तुम्हाले सांगते, मी काही मारकुट्या स्वभावाची नाही. डासालेही मी पदरानं वारा घालून बाहेर काढते. आन् आमचे हे, भगवानराव... मनानं सोनं हो! पण हात आधी जाते, मंग भगवानराव जातेत. मागच्या साली आमच्या प्रेरणाले पाहाले पाव्हणे आलते. पोराचा मामा फक्त येवढं बोलला, 'चहात साखर कमी वाटते.' झालं! ट्रे उडाला, कप उडाले, मामा उडाला, सोयरीक उडाली. पोरगी उशीत तोंड खुपसून रडली, म्हणे, 'आई, बाबाले कुठं बांधून ठेवता येत नाही का वं?'

म्हणून यंदा मी नवसच बोलली. माय, यायचा राग काढून घे. दसऱ्याले नव्या स्थळाचे, अमरच्या घरचे, प्रेरणाले पाहाले येऊन राह्यले, तोवर यायचा हात कोणावर पडू देऊ नको. अखंड दिवा लावीन, नऊ दिवस अनवाणी राहीन. आन् माह्या एकटीच्या पुण्यानं हे भागणार नाही, म्हणून यायच्याही चपला माळ्यावर टाकल्या.

आता पाव्हणे येतेत तं घर सारवा, पडदे धुवा... नाही! यायले गाडीची चाकं बदलाची हौस आली. चकचकीत पाह्यजेत! लोहाऱ्याले गुलाम नबीभाईचं टायरचं दुकान हाये. त्या बिचाऱ्यानं पह्यलेच सांगितलं, 'भगवानभाऊ, जुन्या चाकात हवा मोजणारे सेन्सर हायेत, हर चाकात एक. ते काढून नव्यात टाकतो. नाही तं गाडीले वाटंन हवाच नाही, दिवा लागंन.'

हे म्हणतेत कसे, 'माह्या बापाच्या जीपले होता का सेन्सर? हवा पाहाची तं लात मारून पाहाची! बसव चाकं!'

बसवली. जुनी चाकं सेन्सरसकट तिथंच सोडली. निघालो, आन् स्टेअरिंगमागच्या काचेत एक पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकला, आन् मंग जो ठिय्या मारून बसला!

मी म्हटलं, माय, थंड ठेव.

बरं, लागला तं लागला ना! हवा बरोबर, गाडी पळते, कोणाचं काय अडलं? पण नाही! शेजारच्या लालीबाईले दवाखान्यात सोडाले घेतलं, बूड टेकलं नाही तं, 'भाऊ, तो दिवा कायचा?' पंपावर थांबलो, तं पेट्रोल भरणारा खिडकीतून मान आत घालून, 'भाऊ, तो दिवा कायचा?' माहा सख्खा भाऊ मुकुटबनहून आला, बहीण जिवंत हाये का मेली ते नाही विचारलं... 'भाऊजी, तो दिवा कायचा?'

पह्यल्या माळेले यायनं दात आवळले. दुसऱ्या माळेले स्टेअरिंगवर अशी बुक्की मारली की हॉर्न वाजला आन् समोरचा सायकलवाला नालीत गेला. मी म्हटलं, माय, थंड ठेव. आन् तिसऱ्या माळेले हे खाली उतरले, 'हवा कमी म्हणते का? घे!' म्हणून चाकाले अशी लात घातली... अहो, अनवाणी! माहंच व्रत! कट्टकन आवाज आला. मले वाटलं चाक मोडलं. चाकाले ओरखडा नाही, डाव्या पायाचा अंगठा गेला. डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं. कंपाउंडर भला माणूस, यायले धरून धरून गाडीत बसवाले आला, बसवलं, आन् वाकून म्हणते, 'भाऊ, तो दिवा कायचा?'

मी यायचे हात धरले. दोन्ही.

पाचव्या माळेले मीच म्हटलं, चला, गुलाम नबीभाईकडूनच सेन्सर टाकून घेऊ. तसंही गाडीले क्लच नाही, उजव्या पायानं लंगडत लंगडत चालवली. भाईनं जुनी चाकं उघडली, चारही सेन्सर काढून फडक्यावर मांडले. काडीपेटीएवढाले! हे पाह्यतच राह्यले. 'येवढ्याशा डबीनं माहा अंगठा तोडला?' आन् भाई सहज बोलून गेला, 'मी पह्यलेच बोललो होतो ना, भाऊ?'

संपलं! यायनं हातोडा उचलला. मी डोळे मिटले. माय, थंड ठेव! थंड ठेव! दण्ण! दण्ण! दण्ण! उघडून पाहाते तं गुलाम नबीभाई साबूत, कपाळाचा घाम पुसून राह्यला... आन् फडक्यावर तीन सेन्सर आन् एक चटणी. पाहा, देवीनं ऐकलं का नाही? हात माणसावर पडलाच नाही!

भाई म्हणे, 'तीन लावतो. चौथा नागपूरहून येईल, आठ दिवस लागतेत. तोवर सबर करा.' म्हणजे तीन चाकं गप, एक बोंबलते. आन् दिवा मेला एका चाकासाठीही तेवढाच लागते!

पण चमत्कार झाला. त्या दिवशीपासून हे गार! लालीबाईनं पुन्हा विचारलं तं हसून म्हणतेत, 'असू द्या बाई, लागू द्या.' मी देव्हाऱ्यापुढं लोटांगण घातलं. फक्त माह्याच छातीत काहीतरी गरम गरम चढाले लागलं. मले वाटलं, उपासाचं पित्त असंन.

दसरा आला. अमर, त्याचे वडील आन् त्याची आत्या. आत्या म्हणजे घरातली सरकार, तिनं मान हलवली तं लग्न. चहात साखर कमीच झालती, तरी हे हसले. पोहे खारट, तरी हसले. मंग पाव्हण्यायले चौकातली देवी दाखवाले निघालो. प्रेरणा दारात हात जोडून उभी, 'आई, बाबाले सांभाळजो.' मी समोर बसली, मांडीवर देवीची ओटी, खण, नारळ. गाडी वळणावर आली, आन् मागून आत्यानं मान पुढं काढली...

'भाऊ, तो दिवा...'

'कायचा' म्हणू नाही दिलं मी! नारळ उचलला आन् त्या दिव्याच्या डोक्यात घातला! ठाण्ण! काच फुटली, नारळ फुटला, पाणी आत्याच्या तोंडावर, करवंटी अमरच्या बापाच्या कपाळावर, हॉर्न जो सुरू झाला तो थांबेच ना... आन् त्या राड्यात, फुटक्या काचेमागं, तो पिवळा दिवा टकमक पाहून राह्यलता!

 माह्या हातात अर्धा नारळ. आन् हे... इतक्या गोड आवाजात हो, 'आमच्याकडं दसऱ्याले गाडीवर नारळ फोडतेत ना, तो असाच. आतून.'

आत्यानं तोंड पुसलं. मांडीवर पडलेला खोबऱ्याचा तुकडा उचलला, कपाळाले लावला, खाल्ला. म्हणे, 'रीत बरी हाये. प्रसाद रस्त्यावर पडत नाही.' मंग माह्याकडं बराच वेळ पाह्यलं. 'पोरगी कोणावर गेली?'

'माह्यावर!' हे ओरडले. 'माह्यावर! निव्वळ माह्यावर!'

सोयरीक जुळली, बाप्पा. मार्गशीर्षात लग्न हाये, सगळ्यांनी या.

देवीनं ऐकलं, मी नाही कायले म्हणू? राग काढून घे म्हटलं, तिनं काढला. काढून कुठं ठेवजो, ते सांगाचं माह्याच तोंडून राहून गेलं. आन् चौथा सेन्सर आला बरं का, बसवला, पिवळा दिवा विझला. पण नारळाचं पाणी आत गेलं म्हणतेत, आता लाल लागला. परवा लालीबाई गाडीत बसल्या, पाह्यलं, आन् मलेच म्हणतेत, 'ताई, तो दिवा कायचा?'

यायनं माहे हात धरले. दोन्ही.