अकरा मिनिटांची दुसरी बाजू

नाही, सहीचं नंतर बघू, तुम्ही पाणी घ्या आधी — आणि जरा हळू बोला, आत लेक आत्ता कुठे झोपलीय, पाऊण तास थोपटल्यावर. काय म्हणत होता? दुसऱ्या बाजूशिवाय ही रेकॉर्ड म्हणजे काहीच नाही? मग नसू दे काही. अठ्ठावीस वर्षं कुत्र्यानं विचारलं नव्हतं. बाबांनी तीनशे प्रती काढल्या, त्यातल्या दोनशे माळ्यावर, त्यांच्यावर आई बॅगा रचायची — आणि आता बाबा गेल्यावर तुमच्या कंपनीला साक्षात्कार होतो की हे रॉक काळाच्या पुढचं होतं, पुन्हा काढलंच पाहिजे. असेल पुढचं. मी शेजारच्या खोलीत होते.

हे तुम्हीच लिहिलंय ना, कव्हरच्या आत छापायला — ‘गिटारच्या भिंतीआडून येणारा अनाम, आदिम आक्रोश’? ती मी आहे. वय तीन. आदिम वगैरे काही नाही हो, मला शू लागली होती. आई कामावर, मी वायरींत पाय घालीन म्हणून बाहेरून कडी, आणि बाबांचा तो नियम — टेप सुरू झाली की संपेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. तार तुटो, कोणी शिंको, जे येईल ते गाण्यात घ्यायचं. केवढं तत्त्व! मामा बास गिटार वाजवायचा, आईचा सख्खा भाऊ. तो उठला होता — त्यानंच सांगितलं, माझ्या लग्नात, कोपऱ्यात नेऊन — तो उठला तर बाबा म्हणाले, ‘बस. सुरात रडतेय.’ आणि माइक उचलून माझ्या दाराशी ठेवला. म्हणजे बघा, दारापर्यंत आले होते ते. चार पावलं चालून आले, माइक नीट माझ्या बाजूला वळवला, आणि परत गेले.

नाव छापता माझं? ‘आवाज — मुलगी’? वा. फ्रेम करून लावते.

तुम्हाला वाटत असेल, बाई चिडकी आहे, झोप झाली नाही. झालेली नाहीच. बाळ वाढवण्यावर तीन पुस्तकं वाचली मी, तिन्हीत तीन तऱ्हा. एकात लिहिलंय, रडू द्या थोडं, आपोआप झोपायला शिकतं. म्हणून गेल्या गुरुवारी सकाळी मी दाराबाहेर उभी राहिले, हातात घड्याळ — पाच मिनिटं, बस, त्यावर एक सेकंद नाही. पहिली तीन मिनिटं मीच रडत होते. आणि चौथ्या मिनिटाला — हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय — चौथ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की ती दर सातव्या श्वासाला एक पट्टी वर जातेय. आणि माझा पाय ठेका धरतोय. फरशीवर. छान धरत होता. ऐकत राहावंसं वाटलं मला — कळतंय का तुम्हाला, ऐकत राहावंसं. त्या दिवसापासून ती हूं म्हणाली तरी मी धावते. आमटी करपते, धावते... सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवशील. ठेवीन.

एक विचारू? पूर्ण टेप मिळाली म्हणालात ना तुम्ही. रेकॉर्डवर अकराव्या मिनिटाला कापलंय, बाजू संपली म्हणून. तुमच्याकडे पुढची सहा मिनिटं आहेत. त्यात शेवटी — कडी वाजते का? लोखंडी होती, लगेच कळेल. मी हेडफोन लावून तो कापलेला शेवट कितीदा ऐकलाय ते सांगत नाही, वेड लागलंय म्हणाल. नुसतं हो किंवा नाही सांगा.

मान का खाली घातलीत?

बरं. मग रडायची थांबते कशी मी? आपोआप? आणि बाबा वाजवतच राहतात, टेप संपेपर्यंत. बरं.

नाही, सही नाही. अकरा मिनिटांवर नाही, सतरांवर तर नाहीच. कागद उचला. थांबा — उठली वाटतं. हो, उठली. आणि तुमच्या फोनवर हा लाल ठिपका कसला? मघापासून चालू आहे? तिचं दार दोन हातांवर असताना? बंद करा. इथे, माझ्यासमोर. आता जा तुम्ही, जिना डावीकडे. आले गं, आले — हे बघ, उघडलं.