एउसेबियोचे शेतावरचे निरोप

वाल्परायसोतल्या झेरॉक्सच्या दुकानात ओफेलिया रांगेत उभी होती. पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. धाकटीनं मोबाइल छातीशी धरला होता.

"ताई, उद्या तो शेतीचा खेळ कायमचा बंद होतोय. माझ्या एउसेबियोचे सगळे निरोप त्यातच आहेत."

"घे बाई, छापून घे. जिवंत होता तेव्हा जेवताना 'मीठ दे' म्हणायलाही त्याचं तोंड उघडत नव्हतं. आणि मोबाइलमधल्या शेतावर म्हणे बोलका!"

"होताच. वाच हे."

"'नेलिदा, तुझ्या गाई उपाशी होत्या. मी चारा टाकलाय, तू झोप.' वा! घरच्या मांजराला कधी दूध घातलं होतं का त्यानं?"

"नाही. पुढचं वाच."

"'निळ्या झग्यात आज छान दिसतेस.' अगं, तेव्हा तू होतीस कुठे?"

"शेजारच्या खुर्चीत. मीही तिथूनच उत्तर पाठवलं."

"धन्य आहे तुमची! आणि हा कुठला?"

"तो राहू दे, ताई."

"का म्हणून? 'तुझी बहीण आलीय. ती जाईपर्यंत मी शेतावरच थांबतो.'"

ओफेलियानं खोकल्याच्या आड हसू दाबलं. थोरलीनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"किती छापायचे, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"सगळे. हा शेवटचा दोनदा काढा. एक मला हवाय. इतक्या वर्षांत मेहुणा माझ्याबद्दल काही बोलला, तर एवढंच."